नेटवर्क शिकवायचं तर तार काढून दाखवा

संगणक अभियांत्रिकीच्या मुलांना आपण नेटवर्क प्रोग्रॅमिंग शिकवतो, पण त्यात नेटवर्क कुठेच नसतं, ही माझी तक्रार आहे. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते आणि तिसऱ्या वर्षाची नेटवर्कची लॅब माझ्याकडे असते. बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून येणारी ही मुलं मेहनतीला कुठेही कमी पडत नाहीत. प्रॅक्टिकलच्या यादीत 'जावा वापरून क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात संवाद घडवा' अशी एक असाइनमेंट असते. बहुतेक ठिकाणी ती अशी पार पडते: एकाच संगणकावर दोन खिडक्या उघडायच्या, एकीत सर्व्हर चालू करायचा, दुसरीत क्लायंट. पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' लिहायचं. इकडे 'हॅलो' टाइप केलं की तिकडे 'हॅलो' उमटतं. स्क्रीनशॉट जर्नलला लागतो, सही होते आणि विषय संपतो.

या सगळ्यात एक बाइटसुद्धा संगणकाच्या बाहेर पडलेला नसतो. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१. या पत्त्यावर पाठवलेला मजकूर ऑपरेटिंग सिस्टिम आतल्या आत फिरवून परत देते. तो नेटवर्क कार्डापर्यंतही जात नाही. तिथे तार निघत नाही, वायफाय जात नाही, मधला स्विच बंद पडत नाही, उत्तराला उशीर होत नाही. नेटवर्कमध्ये ज्या अडचणी रोज येतात, त्या सगळ्या वगळून आपण नेटवर्क शिकवतो आणि परीक्षेतही तेवढंच विचारतो.

हा प्रश्न कॉलेजच्या चार भिंतींत राहत नाही. किराणा दुकानात क्यूआर कोड स्कॅन केल्यावर फोनवर 'पेंडिंग' येतं, खात्यातून पैसे वजा झाल्याचा मेसेज येतो आणि दुकानदाराच्या स्पीकरवर मात्र काहीच वाजत नाही. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या दिवशी 'सबमिट' दाबल्यावर पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि अर्ज गेला की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. अशा वेळी प्रोग्रॅमने काय करायचं, हे कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं असतं, किंवा लिहायचं राहून गेलेलं असतं. ते लिहिणारी मुलं आमच्यासारख्याच लॅबमधून बाहेर पडतात.

मुळात हा विषय अवघड नाही. नेटवर्कवरच्या संगणकाला आयपी पत्ता असतो आणि त्यावर चालणाऱ्या सेवांना पोर्ट क्रमांक असतात. हे क्रमांक ० ते ६५५३५ या मर्यादेत असतात. वेबसाइटसाठी ८०, सुरक्षित वेबसाइटसाठी ४४३, ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे पोचवण्यासाठी २५. पत्ता आणि पोर्ट ठरवून पलीकडच्या प्रोग्रॅमशी बोलण्याची जी सोय ऑपरेटिंग सिस्टिम देते, ती म्हणजे सॉकेट. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे तयार झालेल्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत १९८३ साली ती आली. त्याच वर्षी १ जानेवारीला आर्पानेटने टीसीपी/आयपी स्वीकारलं होतं. आजच्या सगळ्या प्रमुख ऑपरेटिंग सिस्टिम सॉकेटची तीच कल्पना वापरतात.

बर्कलीचे सॉकेट सी भाषेतले. सर्व्हर उभा करायचा तर आधी सॉकेट मागायचा, पत्त्याचं स्ट्रक्चर भरायचं, पोर्टच्या आकड्यातल्या बाइटचा क्रम जुळवायचा, मग बाइंड, मग लिसन, मग ॲक्सेप्ट. सन मायक्रोसिस्टिम्सने जानेवारी १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती दिली, तेव्हा नेटवर्कचं पॅकेज तिच्यात पहिल्यापासून होतं. जोडणीची वाट पाहणारा तो 'सर्व्हरसॉकेट' आणि प्रत्यक्ष बोलणारा तो 'सॉकेट', असे दोन वेगळे क्लास केले. पोर्ट क्रमांक देऊन सर्व्हरसॉकेटचं ऑब्जेक्ट तयार केलं की बाइंड आणि लिसन आतल्या आत उरकतात. ॲक्सेप्ट म्हणून थांबायचं. कुणी जोडलं गेलं की हातात सॉकेट येतो. त्याच्याकडून एक इनपुट स्ट्रीम आणि एक आउटपुट स्ट्रीम घ्यायची, वाचायचं, लिहायचं आणि काम झालं की बंद करायचं.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड विचाराचं हे देखणं उदाहरण आहे आणि वर्गात मी ते मनापासून शिकवते. फाइल वाचताना मुलांनी जो 'बफर्डरीडर' वापरलेला असतो, तोच इथेही चालतो, कारण फाइलची स्ट्रीम आणि सॉकेटची स्ट्रीम दोन्ही 'इनपुटस्ट्रीम' या एकाच पालक क्लासमधून आलेल्या असतात. पॉलिमॉर्फिझम म्हणजे काय, हे पुस्तकातल्या वर्तुळ-चौकोनांपेक्षा इथे चांगलं कळतं.

धोकाही नेमका इथेच आहे. वाचणारी ओळ दोन्हीकडे सारखी दिसते, पण तिचं वागणं सारखं नसतं. फाइल कधी ना कधी संपते. सॉकेटवर मात्र पलीकडून काही आलंच नाही, तर 'रीडलाइन' ही मेथड कायमची थांबून राहू शकते. जावाच्या सॉकेटला वाचनाची मुदत आपोआप लागत नाही. 'सेट-एसओ-टाइमआउट' ही मेथड वापरून ती आपणच घालायची असते. मुलांच्या जर्नलमध्ये ही ओळ मला क्वचितच दिसते, कारण लोकलहोस्टवर तिची गरजच भासत नाही.

हा धोका जावाच्या जन्माआधीच ओळखला गेला होता. १९९४ मध्ये सनच्याच प्रयोगशाळेतल्या जिम वॉल्डो, जेफ वायंट, ॲन वॉलरॅथ आणि सॅम केंडॉल यांनी वितरित संगणनावर एक टिपण लिहिलं. ऑब्जेक्ट जवळ असो की दूर, मेथड बोलावण्याची रीत एकच ठेवावी, असा विचार त्या काळात जोरात होता. या चौघांनी त्याला ठाम विरोध केला. दूरचं ऑब्जेक्ट जवळच्यासारखं वागवता येत नाही, याची त्यांनी चार कारणं दिली: लागणारा वेळ, वेगळी मेमरी, एकाच वेळी चालणारी अनेक कामं, आणि अर्धवट बिघाड. पुढे वॉलरॅथ यांनीच जावाची आरएमआय ही दूरच्या मेथड बोलावण्याची व्यवस्था आखली. तिच्यात दूरच्या प्रत्येक मेथडला 'रिमोटएक्सेप्शन' जाहीर करावंच लागतं. हे काम मधेच फसू शकतं, ही जाणीव प्रोग्रॅमरला भाषेनेच करून दिली.

वेळेचंच पाहा. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला, मधे कुणीही अडवलं नाही तरी, सुमारे १२५ मिलिसेकंद लागणारच. त्याच संगणकातली साधी मेथड काही नॅनोसेकंदांत उरकते. कोडमध्ये दोन्हीसाठी एकच ओळ असते, त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसत नाही. तो अनुभवावा लागतो.

म्हणून माझ्या लॅबमध्ये ही असाइनमेंट दोन संगणकांवर होते. सर्व्हर एका टेबलावर, क्लायंट दुसऱ्यावर. पहिल्या झटक्यात बहुतेकांचं जुळत नाही आणि शिकणं तिथून सुरू होतं. कुणाला 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं, कुणाला 'कनेक्ट टाइम्ड आउट'. दोन्ही मुलांच्या लेखी 'एरर'. पण पहिल्याचा अर्थ सहसा असा, की पलीकडच्या संगणकापर्यंत आपण पोचलो, त्या पोर्टवर मात्र कुणी ऐकत बसलेलं नाही: सर्व्हर चालू नाही किंवा पोर्ट चुकला. दुसऱ्याचा अर्थ, उत्तरच आलं नाही: पत्ता चुकला, संगणक बंद आहे किंवा फायरवॉल आपले पॅकेट गिळते आहे. एवढा फरक कळला, तर निम्मा शोध तिथेच संपतो. पण 'कॅच'च्या कंसात काहीही न लिहिता एक्सेप्शन दाबून टाकायची सवय लागली, तर ही माहिती हाती येऊनही वाया जाते.

जोडणी झाली, 'हॅलो' पोचलं, की मी आधी सर्व्हरचा प्रोग्रॅम कंट्रोल-सी दाबून बंद करायला सांगते. क्लायंटला ते लगेच कळतं. वाचताना 'नल' मिळतं किंवा 'कनेक्शन रीसेट' येतं, कारण प्रोग्रॅम मेला तरी त्याची ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते आणि ती निरोप देते. मग सर्व्हर पुन्हा चालू करायचा, क्लायंट पुन्हा जोडायचा, आणि क्लायंट उत्तराची वाट पाहत असताना सर्व्हरच्या संगणकाची लॅनची तार काढायची. क्लायंटच्या पडद्यावर काहीच होत नाही. एक्सेप्शन नाही, संदेश नाही. मिनिटं जातात.

"मॅडम, हँग झालं."

"हँग नाही झालेलं. वाट बघतोय तो. किती वेळ बघायची, ते तू त्याला सांगितलंच नाहीस."

मग मुदतीची ती एक ओळ लिहिली जाते. मुदत संपल्यावर 'सॉकेटटाइमआउटएक्सेप्शन' पडद्यावर आलं, की ते का असतं हे वेगळं समजवावं लागत नाही. याच वेळी मी आणखी एक गोष्ट दाखवते. तार निघालेली असतानाही क्लायंटकडून पाठवलेली पहिली ओळ बिनतक्रार 'गेलेली' दिसते. कारण लिहिण्याची मेथड यशस्वी झाली, याचा अर्थ मजकूर आपल्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या बफरमध्ये पडला, इतकाच. तो पलीकडे पोचला, कुणी वाचला, त्यावर काही केलं, यातलं काहीही त्यातून सिद्ध होत नाही. पलीकडच्या प्रोग्रॅमने स्वतः उत्तर दिलं तरच ते कळतं.

दुसरा प्रयोग 'हॅलो'च्या जागी 'नमस्कार' पाठवण्याचा. टीसीपी बाइटचा अखंड प्रवाह पोचवतं. संदेश कुठे सुरू झाला आणि कुठे संपला, हे त्याला ठाऊक नसतं. नळीच्या एका टोकाने दोन तांबे पाणी ओतलं, तर दुसऱ्या टोकाच्या बादलीत पहिला तांब्या कुठे संपला हे सांगता येत नाही, तसंच हे आहे. म्हणून संदेशाची हद्द प्रोग्रॅमरने आखायची असते: ओळ संपल्याची खूण घालून किंवा आधी लांबी पाठवून. लांबी पाठवणारी मुलं जावाला स्ट्रिंगची लांबी विचारतात. 'नमस्कार'ची लांबी जावा ७ सांगतं: न, म, स, हलन्त, क, काना, र. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. पलीकडचा प्रोग्रॅम इमानाने ७ बाइट वाचतो. त्याला 'नम' मिळतं आणि 'स'चा एक तुटका बाइट. उरलेले १४ बाइट पुढच्या संदेशात घुसतात आणि तिथून सगळाच गोंधळ. जावाची आवृत्ती १८ च्या आधीची असेल आणि एन्कोडिंग सांगितलं नसेल, तर विंडोजवर बहुधा सात प्रश्नचिन्हंच पोचतात. इंग्रजी 'हॅलो'त पाच अक्षरं आणि पाचच बाइट असल्यामुळे यातलं काहीच दिसत नाही. ज्यांच्या प्रोग्रॅममधून उद्या शेतकऱ्यांची, रुग्णांची, मतदारांची नावं मराठीत जाणार आहेत, त्या मुलांनी आपल्या लिपीतला मजकूर पाठवून पाहिलाच पाहिजे.

तिसरा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. 'कॅल्क्युलेटर'ऐवजी मी बँकेचं खातं करायला देते. सर्व्हरवर शिल्लक २,००० रुपये. क्लायंट '५०० काढा' असं पाठवतो. सर्व्हर रक्कम वजा करतो, पण उत्तर देण्याआधी मुद्दाम दहा सेकंद थांबतो. क्लायंटची मुदत पाच सेकंदांची. मुदत संपते, क्लायंट 'व्यवहार अयशस्वी' असं छापतो आणि मुलांनी मोठ्या उत्साहाने लिहिलेला 'पुन्हा प्रयत्न करा'चा लूप तीच मागणी पुन्हा पाठवतो. आता उशीर काढून टाकून शिल्लक विचारली, तर १,००० रुपये. पाचशे एकदा मागितले, हजार गेले आणि क्लायंटच्या हाती एकही रुपया नाही.

वॉल्डो आणि सहकाऱ्यांनी सांगितलेला अर्धवट बिघाड तो हाच. एकाच संगणकात चाललेल्या प्रोग्रॅममध्ये मेथड पूर्ण झाली का फसली, हे बहुधा कळतं. नेटवर्कवर तिसरी शक्यता असते: माहीत नाही. मुदत संपणं म्हणजे अपयश, असं मानणारा प्रोग्रॅम कुणाचे तरी पैसे दोनदा कापतो. त्यावरचा उपाय मुलं स्वतः शोधतात, थोडं ढकलावं लागतं. प्रत्येक मागणीला क्लायंटने स्वतःचा एक क्रमांक द्यायचा. सर्व्हरने आलेले क्रमांक उत्तरासकट जपून ठेवायचे. तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे न कापता जुनंच उत्तर परत द्यायचं. वीसेक ओळींचं काम आहे. पण ज्याने ते एकदा हाताने केलं, तो पैशांच्या व्यवहाराकडे पुन्हा आधीच्या नजरेने पाहत नाही.

ही तिसरी शक्यता इतकी खरी आहे, की तिच्यासाठी देशात नियम करावा लागला. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये फसलेल्या व्यवहारांबद्दल परिपत्रक काढलं. एटीएममधून रोकड आली नाही पण खात्यातून वजा झाली, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम परत जमा झाली पाहिजे. यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेली रक्कम पोचली नाही, तर एका दिवसात. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला १०० रुपये भरपाई. वाचकांनीही हे लक्षात ठेवावं, तो त्यांचा हक्क आहे. आणि मुलांना मी सांगते, की तुमच्या प्रोग्रॅममधल्या एका न लिहिलेल्या ओळीची किंमत ही अशी मोजली जाते.

यावर मला दोन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला, आता सॉकेट कोण लिहितं? सगळं तयार फ्रेमवर्कमधून होतं आणि राहिलेलं एआय लिहून देतं. पण फ्रेमवर्कच्या तळाशी सॉकेटच असतो. जावा ११ मध्ये आलेल्या 'एचटीटीपीक्लायंट'लासुद्धा मुदत आपण घातली नाही, तर तो मर्यादा न ठेवता थांबतो. सॉकेटचा आतला, जावाच्या सुरुवातीपासूनचा कोड २०१९ मध्ये जावा १३ साठी नव्याने लिहिला गेला आणि २०२३ मध्ये जावा २१ ने व्हर्च्युअल थ्रेड आणले. त्यामुळे प्रत्येक क्लायंटला एक थ्रेड देऊन सरळ वाचायचं-लिहायचं, ही आमच्या लॅबमधली साधी पद्धत मोठ्या सर्व्हरवरही पुन्हा परवडू लागली. एआयकडून कोड जरूर घ्यावा. पण उत्तर आलंच नाही तर काय, हे विचारायचं ज्याला सुचत नाही, त्याला समोरच्या कोडमध्ये काय राहिलं आहे तेही दिसणार नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि साधनांचा. सत्र लहान, बॅच मोठी, नेटवर्क बंदिस्त, हे सगळं मी रोज पाहते. पण या प्रयोगांना इंटरनेट लागत नाही. दोन संगणक, एक स्विच आणि दोन तारा पुरतात, आणि त्या प्रत्येक लॅबमध्ये आहेत. जास्तीचा वेळ लागतो, हे खरं आहे. तो मिळवण्यासाठी यादीतल्या दोन असाइनमेंट कमी कराव्या लागल्या, तरी मुलांचा त्यात तोटा नाही.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना माझी विनंती आहे, की सॉकेट प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंटमध्ये चार अटी घालाव्यात. क्लायंट आणि सर्व्हर वेगवेगळ्या संगणकांवर असावेत. वाचनाला आणि जोडणीला मुदत घातलेली असावी. एक संदेश देवनागरीत जावा. आणि तीच मागणी दोनदा आली तर सर्व्हर काय करतो, हे मुलाने चालवून दाखवावं. तोंडी परीक्षेला येणाऱ्या एक्स्टर्नल मंडळींनी टीसीपी आणि यूडीपीमधला फरक जरूर विचारावा. पण त्यानंतर तार काढावी आणि मुलाला विचारावं, आता तुझा प्रोग्रॅम काय करतो आहे? या प्रश्नाला ज्याने नीट उत्तर दिलं, त्याला पूर्ण गुण द्यावेत.